गटाराच्या पाण्यात भिजलेले तीन गालिचे आणि विम्याचा अर्धामुर्धा दावा: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पुण्याच्या एका उपनगरातली चार मजली, तीसेक वर्षं जुनी सोसायटी. तळमजल्यावरच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये साठी ओलांडलेलं जोडपं आणि त्यांची नोकरी करणारी मुलगी राहते. ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. घटनाक्रम, मापं आणि रकमा मात्र आहेत तशाच ठेवल्या आहेत.

घरात तीन गालिचे होते. हॉलमध्ये सहा बाय नऊ फुटांचा लोकरी गालिचा, उत्तर प्रदेशातल्या भदोहीच्या व्यापाऱ्याकडून प्रदर्शनात घेतलेला, बिल ४२,००० रुपयांचं. आतल्या खोलीत पाच बाय आठचा दुसरा लोकरी गालिचा, ११,००० रुपयांचा. तोही 'हाताने विणलेला' म्हणूनच विकला गेला होता. मोठ्या बेडरूममध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरलेलं पॉलिप्रॉपिलीनचं कार्पेट, दहा बाय बारा, खाली फेल्टचा अस्तर-थर.

या प्रकरणाला कारणीभूत ठरलेली गोष्ट घराबाहेर, आवारात होती. तिथे दोनदा पेव्हर ब्लॉक बसवले गेले आणि दोन्ही वेळा जुने न काढता वरच नवे टाकले. त्यामुळे ड्रेनेज चेंबरचं झाकण तळमजल्याच्या फरशीच्या पातळीला आलं. असं झालं की चेंबर तुंबल्यावर पाणी आवारात सांडण्याआधीच बाथरूमच्या जाळीतून घरात येतं. जुन्या सोसायट्यांच्या तळमजल्यांवर हे वारंवार घडतं आणि दोष मात्र पावसावर जातो.

काय घडलं

जुलै महिना, शनिवारची रात्र. दीडच्या सुमाराला जोराचा पाऊस सुरू झाला. पहाटे चारला आईंना जाग आली तेव्हा बाथरूमच्या जाळीतून काळपट पाणी उकळी आल्यासारखं वर येत होतं. बेडरूममध्ये दोन इंच आणि हॉलमध्ये इंचभर पाणी साचलं होतं. त्याला संडासाचा वास होता.

मुलीने पहिल्या पाच मिनिटांत दोन कामं केली आणि दोन्ही बरोबर होती. पाण्यात पाय टाकण्याआधी तिने दारालगतच्या बोर्डवरचा मेन स्विच बंद केला. मग वरच्या तिन्ही मजल्यांवर फोन करून सांगितलं, "काका, कृपा करून कोणी फ्लश करू नका, नळ सोडू नका." एकाच उभ्या लाइनवरच्या सगळ्या घरांचं सांडपाणी त्याच चेंबरमध्ये येतं. ते थांबलं नाही तर घरातलं पाणी कितीही उपसा, ते पुन्हा भरत राहतं. शेजारच्या तरुणाने पहारीने चेंबरचं झाकण उचकटलं, तसं पाणी आवारात वाहू लागलं आणि घरातली पातळी थांबली. साडेसहापर्यंत फरशी दिसू लागली.

उरले भिजलेले तीन गालिचे. तोवर प्रत्येकाचा सल्ला वेगळा. सेक्रेटरी म्हणाले, सगळं फेकून द्या. वडील म्हणाले, विम्याचा माणूस येईपर्यंत कशालाच हात लावायचा नाही. कामवाल्या मावशींनी गरम पाणी आणि डेटॉल आणायला घेतलं. यातलं एकही तसंच्या तसं केलं असतं तर नुकसान वाढलंच असतं.

पॉलिसीत काय होतं

गृहकर्ज घेताना बँकेने एक विमा गळ्यात मारला होता. तो फक्त भिंतींचा आहे असं घरात सगळे धरून चालले होते. कागद उघडून पाहिला तर ती 'भारत गृह रक्षा' पॉलिसी निघाली. आयआरडीएआयने, म्हणजे विमा नियामकाने, १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना घरासाठी हे एकसारखं प्रमाणित उत्पादन द्यायला लावलं. त्यात इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सर्वसाधारण सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत संरक्षण आपोआप मिळतं. इथे इमारतीची रक्कम २५ लाख होती, म्हणजे सामानाला ५ लाखांचं कवच होतं. गृहकर्जासोबत आलेली पॉलिसी एकदाही न वाचलेली घरं असंख्य आहेत. त्या सगळ्यांनी निदान हा एक आकडा शोधून ठेवावा.

गालिच्यांबाबत चार ठिकाणी अडचण होती.

पहिली पाण्याच्या उगमाची. पॉलिसीत वादळ, पूर, पाणी भरणं ही जोखीम आहे, आणि पाण्याच्या टाक्या, उपकरणं व पाइप फुटणं किंवा ओसंडणं हीसुद्धा आहे. तुंबलेल्या चेंबरमधून उलटं आलेलं पाणी यातल्या कशात बसवायचं? २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणाच्या विसर्गानंतर पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत नदीचं पाणी शिरलं, तसं असतं तर ते 'पूर' यात सरळ बसलं असतं. इथे पाणी गटारातून आलं. पावसामुळे आलं की देखभालीच्या हलगर्जीपणामुळे, हा वाद उभा राहणार हे उघड होतं.

दुसरी अडचण प्रदूषणाच्या कलमाची. प्रदूषणाने किंवा दूषित होण्याने झालेलं नुकसान पॉलिसी भरून देत नाही. पण त्याच कलमात अपवाद आहे: ते दूषित होणं विमा उतरवलेल्या घटनेमुळे झालं असेल तर हा नकार लागू होत नाही. मैलापाण्याच्या दाव्यात हे अर्धं वाक्य फार मोलाचं असतं, आणि बहुतेक लोक कलमाचं पहिलं अर्धंच वाचून थांबतात.

तिसरी, आणि या प्रकरणात सगळ्यात टोचलेली: मौल्यवान वस्तूंची वेगळी वर्गवारी. दागिने, चांदीची भांडी, चित्रं, कलावस्तू, पुराणवस्तू यांच्याच ओळीत मौल्यवान गालिचेही आहेत. त्यांना आपोआप मिळणारं संरक्षण नाही. त्यांची किंमत आधी ठरवून, वेगळी नोंदवून, जादा हप्ता भरावा लागतो. एकूण रक्कम ५ लाखांपर्यंत आणि एकेका वस्तूची किंमत १ लाखापर्यंत असेल तर मूल्यांकनाचा दाखलासुद्धा लागत नाही. इतकं सोपं असूनही गालिचा नोंदवलेला नव्हता. आता ४२,००० चा रोज पायाखाली असलेला गालिचा 'मौल्यवान' की सर्वसाधारण सामान?

चौथी अडचण 'हळूहळू झालेलं नुकसान' ही. झीज आणि कालांतराने होणारी खराबी कोणतीही पॉलिसी देत नाही. हे कलम कसं आडवं आलं ते दाव्याच्या भागात येईल.

पहिला निर्णय: थांबायचं की उचलायचं

वडिलांचं म्हणणं समजण्यासारखं होतं. पुरावा हलवला तर कंपनी हात वर करेल ही भीती खरी आहे. पण रविवार होता, विम्याच्या वतीने नुकसानीची पाहणी करणारा सर्व्हेअर मंगळवारच्या आत येणार नव्हता, आणि ओल्या कापडावर बुरशी धरायला २४ ते ४८ तास पुरतात. शिवाय नुकसान वाढू नये म्हणून वाजवी काळजी घेणं हे विमेदाराचंच कर्तव्य आहे. गालिचा तीन दिवस कुजू दिला तर तेच कारण पुढे करून रक्कम कापता येते.

आमच्या मते इथे 'विमा की गालिचा' अशी निवड करावीच लागत नाही. पुरावा गोळा करायला एक तास लागतो. तो तास आधी दिला की नंतर गालिच्याचा निर्णय फक्त तीन गोष्टींवर घ्यायचा: पाणी कसलं होतं, गालिचा कसा बनवलेला आहे, आणि भिजून किती तास झाले. विमा पैसे देईल की नाही हा प्रश्न त्या निर्णयात आणायचाच नाही, कारण त्याचं उत्तर कळेपर्यंत महिना उलटलेला असतो.

मुलीने साधारण हेच केलं. खोलीच्या दारातून सुरुवात करून सलग व्हिडिओ घेतला: जाळीतून येणारं पाणी, भिंतीवरची ओलीची रेघ आणि तिच्याशेजारी धरलेली मोजपट्टी, प्रत्येक गालिचा जागेवर असताना. सकाळी सातला कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकावर कळवून दावा क्रमांक घेतला आणि लगेच ईमेल टाकला. ईमेलमध्ये स्पष्ट लिहिलं: पाणी मैल्याचं आहे, आरोग्याला धोका आहे, सामान आज हलवत आहोत, नमुने राखून ठेवत आहोत, पाहणी लवकर करावी. या एका ईमेलने पुढे बरंच काम केलं.

एक चूक मात्र झाली. मुलगी व्हिडिओ पाठवण्यात गुंतलेली असताना मदतीला आलेल्या शेजाऱ्यांनी आतल्या खोलीतला पाच बाय आठचा गालिचा गुंडाळून कचऱ्याच्या गाडीत टाकला. तो जागेवर असतानाचं चित्रीकरण होतं, पण त्याच्या पाठीमागचा फोटो नाही, नमुना नाही. आणखी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. मैल्यात भिजलेला गालिचा तसाच गाडीत टाकला की पुढे तो कचरा वेचणाऱ्या एखाद्या ताईच्या उघड्या हातात जातो. जाड प्लॅस्टिकमध्ये बांधून, वर 'मैलापाण्याने भिजलेले' असं लिहूनच तो द्यायला हवा होता.

दुसरा निर्णय: काय वाचवायचं

घरात शिरलेल्या पाण्याचे ढोबळ तीन प्रकार धरतात: नळाचं स्वच्छ पाणी, वॉशिंग मशीन किंवा आंघोळीचं वापरलेलं पाणी, आणि मैला मिसळलेलं किंवा पुराचं पाणी. तिसऱ्या प्रकारात भिंतीपासून भिंतीपर्यंतचं कार्पेट आणि त्याखालचा थर वाचवायचा प्रयत्नच करायचा नसतो. वरचा धागा धुता येतो, पण खालचं फेल्ट किंवा फोम आतून धुता येत नाही, आणि जंतू तिथेच राहतात. बेडरूमचं कार्पेट जाणार हे म्हणून लगेच ठरलं.

सुट्या गालिच्याचं तसं नाही. तो दोन्ही बाजूंनी धुता येतो, पूर्ण बुडवता येतो, म्हणून तिसऱ्या प्रकारच्या पाण्यातूनही वाचू शकतो. अट एकच: तो खरोखर गाठी मारून विणलेला असला पाहिजे. हे ओळखायला गालिचा उलटा करायचा. समोरची नक्षी पाठीमागेही तितकीच स्पष्ट दिसते, एकेक गाठ मोजता येते आणि झालर मूळ ताण्याच्या, म्हणजे उभ्या, धाग्यांचीच असते, तर तो गाठींचा. पाठीवर कॅनव्हाससारखं कापड चिकटवलेलं असेल आणि झालर वेगळी शिवलेली असेल तर तो टफ्टेड. टफ्टेडमध्ये बंदुकीसारख्या हत्याराने धागे कापडात ठोकतात आणि मागून लॅटेक्सचा गोंद लावून दुसरं कापड डकवतात. गोंद आणि कापड यांच्यामध्ये शिरलेलं मैलापाणी बाहेर काढायला मार्गच नसतो. वरून स्वच्छ दिसला तरी पहिल्या दमट दिवशी वास येतो, आणि काही महिन्यांत लॅटेक्सचा भुगा पडू लागतो.

फेकलेला पाच बाय आठचा गालिचा टफ्टेड होता, हे व्हिडिओतल्या उलटलेल्या एका कोपऱ्यावरून नंतर कळलं. म्हणजे तो जाणारच होता. चूक फेकण्यात नव्हती, नोंद न करता फेकण्यात होती.

धागा कसला आहे याचीही खात्री करावी. झालरीजवळचा एक धागा ओढून, चिमट्यात धरून जाळायचा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटाने चुरडली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर सिंथेटिक. कागद जळल्याचा वास आला तर व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून बनवलेला धागा) किंवा सुती. 'बांबू सिल्क', 'आर्ट सिल्क' अशा नावांनी विकले जाणारे चमकदार गालिचे बहुधा व्हिस्कोसचे असतात. ते ओले झाले की धागा कमजोर पडतो आणि वाळल्यावर पिवळट, राठ होतो. त्यांच्यावर धुलाईचा खर्च करण्याआधी दहादा विचार करावा. हॉलमधला गालिचा लोकर आणि सुती ताण्याचा, गाठींचा निघाला.

धुलाईचे पर्याय

चार पर्याय समोर होते.

घरी शाम्पू करून वाळवणं सगळ्यात स्वस्त. पण जुलैच्या हवेत सहा बाय नऊचा गालिचा गच्चीवर वाळत नाही, आणि वाळेपर्यंत पुन्हा वास धरतो.

घरी येऊन सोफा-कार्पेट साफ करून देणारे लोक फवारा मारून ओढून घेणारं मशीन आणतात. चहा सांडला, पायांचा मळ बसला तर ते उत्तम. मुळापर्यंत गेलेला मैला त्याने निघत नाही, कारण पाणी वरच्या बाजूने जातं आणि वरूनच परत येतं. वाफेच्या मशीनने तर लोकरीचा रंग फुटायची भीती असते.

लाँड्रीतलं ड्रायक्लीनिंग द्रावकाचं असतं. तेलकट डागांना ते चालतं, पण मैल्याला पाणीच लागतं.

चौथा पर्याय गालिचे धुण्याच्या कारखान्यात पाठवायचा. तीन ठिकाणी फोन केले आणि तिन्हीकडे तेच चार प्रश्न विचारले: दोन्ही बाजूंनी बुडवून धुता का? पाणी पिळून काढणारं गोल फिरणारं मशीन आहे का? वाळवायला बंद, गरम हवेची खोली आहे का? मैलापाण्याचे गालिचे इतरांपासून वेगळे धुता का? दोघांनी "गच्चीवर वाळवतो, काळजी करू नका" असं सांगितलं. पावसाळ्यात हे उत्तर आलं की फोन ठेवायचा. तिसऱ्याकडे सगळं होतं. दर चौरस फुटाला ६० रुपये, ५४ चौरस फुटांचे ३,२४०, ने-आण ६००. एकूण ३,८४० रुपये. पण गाडी सोमवारी अकरालाच येणार होती.

मधले तीस तास

खरं कसब इथे लागलं. ओला गालिचा गुंडाळून ठेवला असता तर सोमवारपर्यंत आतल्या थरात रंग एकमेकांवर उतरला असता आणि वास कायमचा बसला असता.

आधी रंगाची परीक्षा. पांढरं सुती कापड ओलं करून लाल भागावर मिनिटभर दाबून धरलं. कापडावर फिकट गुलाबी डाग आला. म्हणजे गरम पाणी पूर्ण वर्ज्य, आणि साबण घालून भिजत ठेवणंही वर्ज्य. मावशींची गरम पाण्याची बादली म्हणूनच परत गेली.

सहा बाय नऊचा लोकरी गालिचा कोरडा असताना पंधरा-वीस किलोचा असतो, भिजल्यावर त्याच्या दुपटी-तिपटीने जड होतो. एका टोकाला धरून उचलला तर ताणा तुटतो. चौघांनी खाली जुनी चादर सरकवून, तिच्या झोळीत तो पार्किंगच्या उतारावर नेला. हातमोजे, गमबूट, मास्क सगळ्यांनी घातले होते. वडिलांच्या टाचेला भेग होती म्हणून त्यांना या कामातून बाजूला ठेवलं. पावसाळ्यातल्या गटाराच्या पाण्यात उंदरांच्या लघवीतून येणाऱ्या लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो, आणि जखमेतून तो शरीरात शिरतो. पाण्यात वावरलेल्या तिघांनी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून त्यांच्या सल्ल्याने गोळी घेतली.

पार्किंगमध्ये गालिचा आधी उलटा टाकून पाठीवर पाइपने साधं पाणी मारलं. पाठीकडून पाणी मारलं की घाण ज्या वाटेने आत गेली त्याच वाटेने बाहेर पडते. समोरून सुरुवात केली तर ती आणखी खोल बसते. काळं पाणी फिकट व्हायला वीस मिनिटं लागली. मग सुलटा करून तसंच. पाणी जवळपास स्वच्छ आल्यावर लोकरीच्या कपड्यांचं सौम्य लिक्विड, दहा लिटरच्या बादलीत अर्धा कप, मऊ ब्रशने लवेच्या, म्हणजे वरच्या केसाळ धाग्यांच्या, दिशेने. पुन्हा भरपूर पाणी. शेवटच्या बादलीत १०० मिलि पांढरा व्हिनेगर. किंचित आम्लता लोकरीला मानवते, रंग फुटायला थोडा आळा बसतो आणि सुती झालर पिवळी पडायचं प्रमाण कमी होतं. कपडे धुण्याची नेहमीची पावडर अल्कधर्मी असते. ती लोकरीला राठ करते, म्हणून वापरली नाही.

ब्लीचिंग पावडर किंवा फरशीचं क्लोरीनचं द्रावण लोकरीवर कधीच नाही. क्लोरीन लोकरीचं प्रथिन खातं, धागा चिकट होऊन तुटतो. जंतुनाशकाचं काम कारखान्यावर सोडलं. तिथे शेवटच्या स्वच्छ धुलाईनंतर बेन्झाल्कोनियम क्लोराइडचं द्रावण वापरलं गेलं. ते साबणाच्या अंशासोबत निकामी होतं, म्हणून साबण पूर्ण निघाल्यावरच घालतात.

घरात फरशीसाठी मात्र ब्लीचिंग पावडरच वापरली. आधी साबणाने घासून घाण काढली, मग ३३ टक्के क्लोरीनची पावडर लिटरला ३० ग्रॅम, म्हणजे एक टक्क्याचं द्रावण, दहा मिनिटं ठेवून धुतलं, खिडक्या उघड्या ठेवून. त्याच वेळी संडासात आम्लाचा क्लीनर ओतायला सेक्रेटरींनी सांगितलं होतं. ते वेळीच थांबवलं, कारण दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.

गालिच्यातलं पाणी फरशी पुसायच्या रबरी वायपरने लवेच्या दिशेने, जोर देऊन, पंधरा-वीस वेळा ओढून काढलं. वरून भाड्याने आणलेल्या ओलं-सुकं ओढणाऱ्या व्हॅक्यूमने सुमारे दोन बादल्या निघाल्या. पंख्याने जे दिवसभरात उडतं, त्याच्या कितीतरी पट पाणी या अर्ध्या तासात जातं, तरी बहुतेक लोक हा टप्पा गाळून थेट पंखा लावतात. मग छोट्या बेडरूममध्ये सहा प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर गालिचा सपाट पसरला, खालून हवा फिरेल असा. एसी ड्राय मोडवर, खिडक्या बंद, दोन पंखे कडेने खालच्या बाजूला वळवलेले. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर न ठेवता टेबलावर. सोमवारी सकाळी कडा कोरड्या लागत होत्या, मधोमध मात्र टिश्यू पेपर दाबला की ओल उमटत होती. गाडी यायच्या अर्धा तास आधीच, लवेवर प्लॅस्टिकचा कागद टाकून, तो गुंडाळला.

बेडरूमचं कार्पेट पाठीकडून कटरने दोन-दोन फुटांच्या पट्ट्यांत कापून काढलं. अखंड काढायला गेलं तर ओलं कार्पेट दोघांना हलत नाही. एक फूट बाय एक फुटाचा तुकडा, खालच्या काळ्या पडलेल्या फेल्टसकट, दोन पिशव्यांत बंद करून बाल्कनीत ठेवला.

दावा

सर्व्हेअर बुधवारी आला. त्याने नमुना पाहिला, भिंतीवरची रेघ मोजली, कारखान्याची पावती घेतली. मग विचारलं, "चेंबर कधीपासून तुंबत होतं?" वडील सहज बोलून गेले, "अहो, महिनाभर त्रास आहे त्याचा."

त्या एका वाक्याने प्रकरण तीन आठवडे लांबलं. कंपनीच्या पत्रात आलं की नुकसान देखभालीअभावी आणि दीर्घकाळच्या गळतीमुळे झालं आहे. वस्तुस्थिती अशी होती की चेंबर महिन्यापूर्वी एकदा तुंबलं होतं, सोसायटीने ते साफ करून घेतलं होतं आणि त्यानंतर तक्रार नव्हती. वडील खोटं बोलले नव्हते. त्यांनी दोन वेगळ्या गोष्टी एका वाक्यात जोडल्या. सर्व्हेअरला फक्त पाहिलेलं सांगावं: किती वाजता, कुठून, किती पाणी. कारण काय हा अंदाज आपण करायचा नसतो.

मुलीने कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहिलं. सोबत सोसायटीच्या तक्रार वहीचं पान, चेंबर साफ केल्याची पावती, महापालिकेकडच्या त्या रात्रीच्या तक्रारीचा क्रमांक आणि व्हिडिओ जोडला. प्रदूषणाच्या कलमातला अपवाद शब्दशः उद्धृत केला. लोकरी गालिच्याबद्दल मुद्दा असा मांडला की मागणी गालिच्याच्या किमतीची नाहीच, फक्त धुलाईची आहे. आणि रोजच्या वापरातली, साध्या बिलावर घेतलेली वस्तू कलावस्तूंच्या वर्गात टाकायला आधार काय, तो लेखी द्यावा.

त्याच सुमाराला सोसायटीने फरशीच्या सफाईचे २,५०० रुपये देऊ केले आणि सोबत 'आमची आता कोणतीही तक्रार नाही' असं छापलेलं पत्र सहीसाठी दिलं. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) ड्रेनेज लाइनची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने होते, त्यामुळे पैसे घेण्यात गैर काही नव्हतं. पण त्या वाक्यावर सही केली असती तर पैसे दिल्यावर सोसायटीकडून वसुली करायचा कंपनीचा हक्क आपणच मारला असता, आणि दावा नाकारायला नवं कारण मिळालं असतं. पावती फक्त 'सफाईपोटी २,५०० मिळाले' अशी लिहून दिली.

निकाल

दोन आठवड्यांत कंपनीने भूमिका बदलली. बेडरूमच्या कार्पेटचे, तशाच दर्जाच्या मालाच्या कोटेशननुसार ७० रुपये चौरस फुटाने, ८,४०० रुपये मान्य झाले. लोकरी गालिच्याच्या धुलाईचे ३,८४० मान्य झाले. टफ्टेड गालिच्याचे ११,००० नाकारले ते नाकारलेच: पाहणी नाही, नमुना नाही, बिलावर 'हाताने विणलेला' आणि व्हिडिओत टफ्टेड. वस्तू आणि बिल जुळत नाहीत, या आक्षेपाला उत्तर नव्हतं.

पुढे विमा लोकपालांकडे जाता आलं असतं. पुण्यात कार्यालय आहे, शुल्क नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाची मुदत असते. कुटुंबाने तो रस्ता सोडला, आणि पुराव्याची अवस्था पाहता ते योग्यच होतं.

गालिचा सहाव्या दिवशी परत आला. लांबी नऊ फुटांवरून आठ फूट अकरा इंच भरली. सुती ताण्याचं इतकं आकसणं चालतं. एका बाजूची झालर थोडी पिवळी राहिली. एक कोपरा मात्र हाताला कडक लागत होता, आणि तिथे नाक लावल्यावर ओल्या लोकरीचा वास आला. मैल्याचा आंबूस वास वेगळा असतो, तो नव्हता. म्हणजे धुलाई नीट झाली होती, वाळणं राहिलं होतं. कारखान्याने तो परत नेऊन दोन दिवस गरम खोलीत टांगला. परत आल्यावर आठवडाभर तो उलटा अंथरून ठेवला आणि मगच सुलटा केला.

काय वेगळं करता आलं असतं

टफ्टेड गालिच्याचे पैसे मिळाले असतेच असं नाही, पण पाठीचा एक फोटो आणि हातभर तुकडा एवढ्यावर दाव्याला जागा राहिली असती. मदतीला आलेल्यांना पहिल्याच मिनिटाला 'माझ्याशिवाय काही बाहेर नेऊ नका' असं सांगायला हवं होतं, किंवा दाराशी एक माणूस उभा करायला हवा होता.

सर्व्हेअरशी एकानेच बोलायला हवं होतं, आणि तेही आधी लिहून काढलेल्या टिपणावरून.

कारखान्याला ओलाव्याची मोजणी करूनच गालिचा परत द्या असं आधी सांगितलं असतं तर दुसरी फेरी टळली असती.

तळमजल्यावरच्या मैल्याचा धोका असलेल्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट अंथरणं हाच मुळात चुकीचा निर्णय होता. कुटुंबाने बेडरूमची फरशी आता मोकळी ठेवली आहे आणि तिथे मशीनमध्ये धुता येईल अशी सुती सतरंजी टाकतात. बाथरूमच्या लाइनवर, चेंबरच्या अलीकडे, पाणी उलटं येऊ न देणारा चार इंची नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला. त्याचं झाकण मे महिन्यात उघडून आतल्या झडपेत अडकलेले केस आणि कचरा काढावा लागतो, नाहीतर ती बंदच होत नाही. व्हॉल्व्ह बसेपर्यंत जाळीत घालायला नटाने आवळायचा रबरी बूच आणून ठेवला होता. पॉलिसीत लोकरी गालिचा मौल्यवान वस्तू म्हणून ४२,००० ला नोंदवला, बिलाची प्रत आणि समोरचा, पाठीचा, झालरीचा असे तीन फोटो कंपनीला ईमेलने पाठवून. पेव्हर ब्लॉक खाली उतरवण्याचा ठराव सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर आहे.